धुतलेले पाय

चिंचेनं घासलेल्या पितळेचा वास आला की दुष्काळातला, ईस्टरआधीचा तो पवित्र गुरुवार आठवतो. चर्चच्या बोअरवर गावकऱ्यांच्या नावांची यादी घेऊन मी बसलो होतो, तेव्हा कारखान्याच्या ऊसतोडीला गेवराईकडनं आलेली एक बाई घागर घेऊन आली. "लेकरू तापानं फणफणलंय, दादा." "तुमचं नाव यादीत न्हाई," म्हणत मी तिला रिकामी परत धाडली. त्याच संध्याकाळी, येशूनं शिष्यांचे धुतले तसे, फादरांनी आम्हा बाराजणांचे पाय पितळी घंगाळात धुतले. फादरांना मळके पाय कसे दाखवायचे, म्हणून मी तर घरूनच साबणानं धुऊन गेलतो. माझ्या पायांवरून ओघळलेल्या पाण्यात तिची निम्मी घागर भरली असती. आता आलेले नवे फादरही दरवर्षी त्या गुरुवारी विचारतात, "पाय धुवायला बसणार ना?" आणि मी गुडघे दुखतात म्हणून सांगतो.