सासऱ्यांचा बंब

आमच्या बुलडाण्याच्या थंडीबद्दल कुणी वाकडं बोललं तर मी ऐकून घेत नाही. माझं माहेर शेगाव, म्हणजे घाटाखाली. तिथे डिसेंबरात लोक एक शाल गुंडाळून "काय गारठा पडला बाप्पा!" म्हणतात तेव्हा मला हसू येतं. लग्न होऊन घाटावर आले, त्या पहिल्या हिवाळ्यात मी दोन स्वेटर, वर नवऱ्याचं जाकीट आणि कानटोपी घालून भाकरी थापत होते. नवी सून बघायला बायका आल्या, त्यांना माझं नाक तेवढं दिसलं. "नाक बरं हाय," असं म्हणून चहा पिऊन त्या गेल्या.

त्या थंडीत मला तगवलं ते सासऱ्यांच्या तांब्याच्या बंबानं. अंगणाच्या कोपऱ्यात, न्हाणीच्या भिंतीला लागून तो उभा असायचा. सासरे वनखात्यातून निवृत्त झालेले. सगळी नोकरी लोकांच्या डोक्यावरच्या मोळ्या उतरवण्यात गेली आणि निवृत्त झाल्यावर स्वतःच काटक्या गोळा करत हिंडू लागले. हिरव्या फांदीला मात्र कधी हात लावला नाही. कपाशीच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या, वाळलेलं निंबाचं लाकूड, नारळाच्या करवंट्या असं काय काय आणायचे. शिवाय शेजारच्या भाभींच्या मालकांचं फर्निचरचं दुकान आहे, तिथल्या ढलप्या भाभी पोत्यात भरून भिंतीवरून द्यायच्या. लाकडांचे ढीग वेगवेगळे लावलेले असत आणि कुठलं कधी जाळायचं हे फक्त सासऱ्यांनाच कळायचं. मी एकदा मदत म्हणून हाताला येईल ते लाकूड आत कोंबलं, तर त्यांनी ते चिमट्यानं ओढून बाहेर काढलं, विझवलं आणि परत त्याच्या ढिगावर ठेवलं.

अंघोळीला नंबर ठरलेले. पहाटे सगळ्यांत आधी ते स्वतः. पौर्णिमा असली की पांढरे कपडे घालून तसेच विहारात जायचे आणि परत येऊन पुन्हा जाळ सारायचे. मग मुलगी, मग मी, आणि शेवटी नवरा, कारण त्याला उठवणं हे वेगळंच काम. कुणाला किती कढत लागतं हे त्यांना पाठ होतं. नवऱ्याला कोमट, मुलीला वाफा येणारं. माझ्या बादलीत हात घातला की पहिल्यांदा चटका बसायचा आणि मग अंगभर बरं वाटायचं. जाळ संपला की निखाऱ्यात एक वांगं सारून ठेवायचे. संध्याकाळी शाळेतून आले की स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी ताटलीत ते भाजलेलं वांगं झाकून ठेवलेलं असे, भरताला तयार.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या सासरच्या घराण्यात सासरा सुनेशी थेट बोलत नाही. भांडण नाही, रुसवा नाही, नुसती रीत. मी समोर तीन हातांवर उभी असले तरी ते नातीला म्हणणार, "तुह्या मायले सांग, पीठ संपलं." नात माझ्याकडे वळून म्हणणार, "मम्मी, पीठ संपलं." जसं काही मी बहिरी! मी तिला सांगायचे, "आजोबांना सांग, ऐकलं." घरात तिसरं माणूस नसलं तर ते अंगणातल्या सायकलला सांगायचे. "आज लाइट जाणार म्हणते," असं सायकलच्या हँडलकडे बघून बोलायचे आणि मी समजून टाकी भरून घ्यायचे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. दिवसभर तोंडाचा पट्टा चालू. राग तर नाकावरच बसलेला, हे मी स्वतःच सांगते, म्हणजे दुसऱ्या कुणाला सांगायची मजा मिळायला नको. पण सासऱ्यांपुढे मी मुकी. एकवीस वर्षांत ते माझ्याशी सरळ बोलले ते एकच वाक्य, रोज सकाळी सव्वासातला, भिंतीपलीकडून: "पाणी काढलं हो!" आणि मी म्हणायचे, "हाव बाबा." तापातून उठले तेव्हा तेच, बाळंतपणाहून आले तेव्हा तेच. आवाज जरा हळू असला की मला कळायचं, आज त्यांचे गुडघे दुखतायत. मीही "हाव बाबा" जरा मोठ्यानं म्हणायचे.

मागच्या दिवाळीनंतर नवऱ्यानं गिझर आणला.

"बाबाले आता आराम पाह्यजे," खोकं फोडता फोडता तो म्हणाला.

"विचारलं का त्यांना?"

"विचारलं ना. त्याईची काही तक्रार नाही," असं माझ्याकडे न बघता म्हणाला आणि स्क्रू शोधायला लागला. बंब जिन्याखाली गेला, वर पोतं टाकलं. सासरे काही बोलले नाहीत. सायकलशीसुद्धा नाही.

गिझरबद्दल काय सांगू! पहिली बादली अशी की बटाटे उकडून निघावेत, दुसरी अशी की दात वाजावेत. नंबर वगैरे गेले उडत. मुलगी आत शिरली की टाकी रिकामी करूनच बाहेर यायची, नवरा दहाला, अकराला, कधीही अंघोळ करायला लागला. मी वांगी गॅसवर भाजायला लागले, तर भरीत खाताना वाटायचं, दवाखान्यातलं जेवण आहे. आणि सासरे प्लास्टिकची खुर्ची घेऊन उन्हात बसायचे. ऊन सरकलं की खुर्ची सरकवायची, एवढंच काम उरलं. संध्याकाळपर्यंत ती खुर्ची अंगणाच्या या टोकापासून त्या टोकाला गेलेली असायची.

आणि सकाळी सव्वासातला घर गप्प. आठ दिवस आमच्यात एक शब्द झाला नाही. आधी वाटलं, बरंय, आपण आपल्या वेळेनं जाऊ. मग चौथ्या की पाचव्या दिवशी न्हाणीत बादली भरताना मला एकदम रडूच आलं. मोठ्यानं रडले. नळ चालू असला की कुणाला ऐकू जात नाही. माझे वडील मी लहान असतानाच गेले. "तुझं पाणी काढलं" असं रोज सांगणारं दुसरं कोण होतं मला? आणि तेच या दीडशहाण्या नवऱ्यानं बंद करून टाकलं! डोक्यात अशी तिडीक गेली की विचारू नका.

मग मी ठरवलं, गिझर बंद पाडायचा. गिझरचं मुख्य बटण दाराच्या मागे आहे, तिथे कुणी बघत नाही. पहाटे उठले आणि हळूच ते खाली केलं. गिझर नाही चालला की बंब बाहेर काढावाच लागेल, असा माझा हिशोब.

पहिला नंबर लागला नवऱ्याचा, त्या दिवशी नेमका लवकर उठला होता. न्हाणीतून असा काही ओरडला की शेजारच्या भाभींनी भिंतीवरून विचारलं, "क्या हुआ, पडले का भाऊ?" मी भाजी चिरत होते. हसू दाबता दाबता विळीवर बोट कापून घेतलं. दुपारी मेकॅनिक आला. त्यानं दार लोटलं, बटण वर केलं आणि म्हणाला, "चालू हाय मॅडम." मी म्हटलं, "तुम्ही आलात ना, म्हणून झाला असेल." दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा खाली.

पण बंब काही निघेना. मी मुद्दाम सासऱ्यांना ऐकू जाईल असं मुलीला म्हणाले, "बाई गं, आता काय करायचं? पाणी कशावर तापवायचं?" सासऱ्यांनी ऐकलं. उठले, बादली घेतली आणि सरळ टाकीच्या गार पाण्यानं अंघोळ केली! ऐंशीला टेकलेला माणूस, ऐन थंडीतली सकाळ, वर बुलडाण्याची हवा. दुपारपर्यंत शिंका सुरू झाल्या. मी घाबरले. काय बाई ही माझी अक्कल! धावत जाऊन बटण वर केलं, त्यांना आल्याचा चहा पाठवला आणि मनात म्हटलं, काही झालं तर याला जबाबदार तूच. पण एक कोडं काही सुटेना. ज्याचा जीव त्या बंबात, त्या माणसानं गार पाणी घेतलं, पण बंबाला हात का नाही लावला?

ते भाभींनी सोडवलं. रविवारी मी मेथीचे लाडू द्यायला भिंतीशी गेले, तर त्यांनीच विचारलं, "मॅडम, बाबा ढलप्या न्याले येऊनच नाही राह्यले. दोन पोते भरून ठेवले म्या. तब्येत तं बरी हाय ना?"

मी नवऱ्याच्या नावानं सुरू केलं. बापाला न विचारता यंत्र आणलं, म्हाताऱ्याचं काम काढून घेतलं, अमुक आणि तमुक. भाभींनी मला बोलू दिलं. मग म्हणाल्या, "अवं, तुमच्या मालकाले काऊन बोलून राह्यल्या? बाबानंच तं आणाले लावलं. मले सांगे, सुनबाईच्या केसाले धुराचा वास येते, बसमंदी लोक हासते तिले. पोराले म्हणे मशीन आण, पन माहं नाव सांगू नको."

मला धस्स झालं. कारण ते मीच बोलले होते. दिवाळीच्या आधी एकदा शाळेला जाताना धामणगाव बढ्याच्या बसमध्ये एक शिक्षिका मला म्हणाली, "काय मॅडम, आज सकाळीच हुरडा पार्टी का?" सगळे हसले. मीही हसले, पण घरी येईपर्यंत आतून धुमसत होते. आणि घरी येऊन स्वयंपाकघरात नवऱ्यासमोर भांडी आपटली, "बसमध्ये लोक हसतात मला! डोक्याला धूर, साडीला धूर! जळो तो मेला बंब!" तेवढंच. भात शिजेपर्यंत मी विसरूनही गेले. माझं असंच आहे. पण स्वयंपाकघराच्या खिडकीखालीच त्यांचे लाकडांचे ढीग. ते तिथे बसले असणार.

सोमवारी सकाळी मी तयार झाले, पर्स खांद्याला, डबा हातात. पावणेनऊची बस धरायची होती. सासरे अंगणात खुर्चीवर. पदर डोक्यावर घ्यायची सवय कधीच सुटली आहे, तरी त्या दिवशी घेतला. 

"बाबा," मी म्हटलं.

त्यांनी आधी मागे वळून सायकलकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"बाबा, मले बंबाचंच पाणी पाह्यजे. ते धुराचं मी रागात बोलली. माही जीभच तशी हाय."

त्यांनी खुर्चीच्या हातांवर हात टेकवले. मला वाटलं, रीत मोडली, आता उठून जातील. मग खाली बघत म्हणाले, "तुही जीभ मले ठाऊक हाय बाई. एकवीस वर्षं झाले, भिंतीपलीकून ऐकूनच राह्यलो."

मी हसले. तेही हसले, पण लगेच थांबले. म्हणाले, "मले वाटलं, आपल्यापायी पोरीले लोक हासते. म्हाताऱ्याच्या हातून आता धुराशिवाय दुसरं काय होते?"

"असं नका बोलू बाबा," मी म्हटलं आणि तिथेच पायरीवर बसले, डबा मांडीवर घेऊन. मग ते बोलायला लागले. निंबाचा धूर कडू असते, तो केसाले धरते. बाभळीचा तेवढा नाही धरत. तुह्या बादलीच्या टायमाले बाभूळच लावाले पाह्यजे होती, चूक माहीच झाली. मग वनखात्यातल्या गोष्टी निघाल्या. ज्यांच्या पकडलेल्या मोळ्या त्यांनी परत देऊन टाकल्या त्या बायकांच्या, जंगलात शेकोटीवर भाजलेल्या रताळ्यांच्या. मग कधीच्या गेलेल्या सासूबाईंच्या. "तिच्यासंगंबी मी कधी एवढं बोललो नाही," म्हणाले आणि डोळे पुसले. मीही पदरानं पुसले. मध्येच कोपऱ्यावरून बसचा हॉर्न ऐकू आला. आम्ही दोघांनी ऐकला, पण कुणी उठलं नाही.

शाळेत पोचले तेव्हा परिपाठ, हजेरी, पहिला तास, सगळं आटोपलं होतं. मुख्याध्यापकांनी उशिराचं रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. कारणाच्या रकान्यात काय खोटं लिहावं याचा मी विचार केला, मग खरंच लिहिलं: सासऱ्यांशी बोलत होते.

त्यांनी ते दोनदा वाचलं. "मॅडम, हे काय कारण झालं? सासऱ्यांशी तर माणूस रोजच बोलतं."

"नाही सर," मी म्हटलं, "आम्ही आजच सुरुवात केली."