नावानं हाक मारणारी सून

माझी सून अमेरिकन. विमानतळावर तिनं मला मिठी मारली आणि सरळ नावानं हाक मारली. नावानं! आमच्यात सून सासूचं नाव घेत नाही हो. मी हसले, पण ते मनात रुतून बसलं. पंधरा दिवसांत मुलाला सांगितलं, "माझं पुण्याचं तिकीट अलीकडचं कर."

"आई, तिच्या घरी सगळे असंच बोलतात. आपलं मानते म्हणून."

"आपलं मानणं कसं असतं, ते समोरच्या बाईकडे बघ!"

मुलगा आखातात असतो; तिथल्या मरीना वस्तीत, आमच्याच मजल्यावर समोर एक जपानी बाई राहते, सासूसकट. सासूला 'आई'शिवाय हाक नाही, बोलायची भाषासुद्धा वेगळी, अदबीची. नवऱ्याला 'बाबा' म्हणते, लेकीच्या नात्यानं. अगदी आपल्याकडच्या जुन्या बायकांसारखं. ती चहाला आली, तेव्हा सुनेला ऐकू जाईल अशा बेतानं मी माझ्या मोडक्या इंग्रजीत म्हटलं, "तुझी सासू भाग्याची. किती मान देतेस!"

तिनं कप खाली ठेवला. "मान देते. पण अकरा वर्षांत त्यांना काय आवडतं, काय खुपतं, मला कळलेलं नाही. काल एसीवरून तुमची सून तुमच्याशी वाद घालत होती ना, बाहेर ऐकू आलं. मला हेवा वाटला."

माझ्या सासूबाईंपुढे मीही बावीस वर्षं मान खाली घालून 'हो आई' म्हणत काढली. त्यांना काय आवडायचं, मला तरी कुठे ठाऊक?

बाई गेल्यावर सून समोर येऊन बसली. "नाव घेतलेलं तुम्हाला खटकतं ना? मी आधीच विचारायला हवं होतं."

"अगं, ते नाव माझं नाहीच. लग्नात सासरच्यांनी ठेवलं, ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहून."

तिचे डोळे विस्फारले. "मग तुमचं कुठलं?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. माहेरचं नाव सांगितलं. तिनं दोनदा चुकवलं, तिसऱ्यांदा नीट म्हटलं.

"आणि चारचौघांत?"

"चारचौघांत आई म्हण बाई. तेवढी हौस आहे मला."

तिकिटाचा विषय मी पुन्हा काढला नाही. परवा तिनं स्वयंपाकघरातून माहेरच्या नावानं हाक मारली, तर मुलगा लॅपटॉपमधून मान काढून विचारतो, "कोण आलंय?"

"मीच रे," म्हटलं. "यल्ला, चल, ऊठ, पानं घे."