काकूंच्या हो ला हो

इस्त्रीवाले काका गेले आणि सगळी गल्ली एका दिवसात सज्जन झाली. इतकी, की काकूंना जगणं मुश्किल झालं.

काका-काकूंचं दुकान म्हणजे दोन टेबलं, दोन इस्त्र्या आणि एकतीस वर्षं चाललेलं एक भांडण. काका म्हणायचे, शर्टाची कॉलर आधी. काकू म्हणायच्या, कॉलर शेवटी. कॉलर नसेल तर बाही होती, बाही नसेल तर चहातली साखर होती. काकूंनी "आज उकडतंय" म्हटलं की काका म्हणणार, "नाही, वारा आहे." 'नाही' हा त्यांचा ठरलेला पहिला शब्द, पुढे काय बोलायचं ते नंतर सुचायचं. दोघांचं अजिबात पटत नाही, असं लोक खात्रीने सांगायचे. लोक काय, आवाजावरून संसार मोजतात.

मग एका दुपारी काका स्टुलावर टेकले ते उठलेच नाहीत.

सांत्वनाला माणसांची रीघ लागली. सांत्वन करायला शिकावं लागत नाही, असं सगळ्यांचंच ठाम मत असतं. शेजारीण म्हणाली, "सुटले बिचारे." कशातून सुटले ते मात्र तिने काकूंकडे बघत सांगायचं टाळलं. औषधवाल्याने 'काळ हेच औषध' असं ऐकवलं. दुकानात मिळत असतं तर त्याचीही पट्टी कापून दिली असती. एक जण तर स्वतःचीच दुखणी तासभर सांगून, काकूंकडून धीर घेऊन घरी गेला. आणि एका गोष्टीवर साऱ्यांचं एकमत होतं: बाई दुःखात आहे, तिच्या शब्दाबाहेर जायचं नाही.

काकू म्हणाल्या, दुकान उद्यापासून उघडते. सगळे म्हणाले, अगदी बरोबर. काकू म्हणाल्या, छे, कायमचं बंदच करून टाकते. सगळे म्हणाले, तेही बरोबरच.

शेवटी दुकान उघडलं. आता अडवायला कुणी नाही, तेव्हा कॉलर शेवटी! पण कॉलर फिरवता फिरवता आधी इस्त्री केलेली शर्टाची पाठ चुरगळून जायची. काकूंना ते दिसत होतं, पण हार मानायची कुणापुढे? चुरगळलेले शर्ट तसेच घडी होऊन गेले. एकानेही तक्रार केली नाही. "छान झालंय हो, काकू," म्हणाले आणि पुढच्या वेळचे कपडे गुपचूप पलीकडच्या रस्त्यावरच्या दुकानात टाकून आले. दया म्हणतात ती हीच, तोंडावर गोड आणि पिशवी दुसरीकडे. महिन्याभरात काकूंचं अर्धं टेबल रिकामं दिसू लागलं.

एवढं होऊन काकू रडल्या नव्हत्या. त्यांनी रडावं म्हणून नणंद रोज येऊन बसायची. काकांची ही धाकटी बहीण. एरवी वहिनीशी तिचं विळ्याभोपळ्याचं सख्य, पण भाऊ गेल्यापासून जिभेवर साखर. हो वहिनी, खरंय वहिनी.

त्या दिवशी काकूंनी मुद्दामच सुरुवात केली. "तुझ्या भावाला इस्त्री कधी जमलीच नाही."

"हो ना, वहिनी."

"हट्टी होता नुसता."

"होताच तसा."

"कॉलर आधी म्हणे! अकलेचा कांदा!"

नणंद मान डोलवणार, तेवढ्यात तिची नजर टेबलावरच्या शर्टाच्या पाठीवर गेली. शेवटी अंगात रक्त तेच.

"नाही!"

काकूंचा हात जागच्या जागी थांबला.

"दादाचंच बरोबर होतं! ही पाठ बघा, डोळे फुटलेत का तुमचे? गिऱ्हाईकं काय उगाच पळाली?"

"मला शिकवतेस? एकतीस वर्षं उभी आहे मी या टेबलाशी!"

"एकतीस वर्षं चुकलात!"

मग जी जुंपली! कॉलरवरून बाहीवर, बाहीवरून कधीकाळी नेऊन परत न केलेल्या पातेल्यावर. औषधवाला दारात आला, शेजारीण खिडकीत. काकूंचा आवाज महिन्यात पहिल्यांदाच पार कोपऱ्यापर्यंत गेला.

"एवढा शहाणा होता ना तुझा दादा? मग उठला का नाही? मी म्हणत होते, चहा गार होतोय, उठा. दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं. तेव्हाही माझं ऐकलं नाही! तेव्हाही..."

काकू कपड्यांच्या गठ्ठ्यावर बसल्या आणि मोठ्याने, हमसून हमसून रडल्या. नाक पुसायला हाती आला तो गिऱ्हाइकाचा शर्ट.

"बिचारीला रडवलं हो!" शेजारणीने खिडकीतूनच निकाल दिला.

नणंदेचा चेहरा पडला. ती काकूंजवळ खाली बसली. "चुकलं माझं, वहिनी. तुमचंच बरोबर आहे."

काकूंनी तिचं मनगट घट्ट धरलं.

"खबरदार, पुन्हा मला बरोबर म्हणालीस तर! हे गेल्यापासून मला 'नाही' म्हणणारं कुणी उरलं नाही गं. तू तरी म्हणत जा."