दोन कुलपांचं वसतिगृह

वकिलाच्या ऑफिसात कारकुनी करून माणूस कायदा शिकत नाही, पण किस्से मात्र फायलींपेक्षा वेगानं साठतात. त्यातही आमच्याकडची ट्रस्टची केस म्हणजे खाणच!

कुरुंद्याच्या एका भल्या माणसानं तांड्यावरच्या मुलींना राहून शिकता यावं म्हणून ट्रस्ट काढला, चार खोल्या बांधल्या आणि तो वारला. मग खरे ट्रस्टी कोण, यावरून गुरुजी आणि अण्णा कोर्टात गेले. जाण्याआधी दोघांनीही वसतिगृहाला आपापलं कुलूप ठोकलं. कोर्ट म्हणालं, निकालापर्यंत ‘जैसे थे’. आमचे साहेब गुरुजींचे वकील.

*

या ‘जैसे थे’चा दोघांनी इतका धसका घेतला, की पावसाळ्यात पत्रा उडाला तरी बसवायला कोणी तयार होईना. परवानगीचा अर्ज केला. तारखा पडत गेल्या, उन्हाळा आला. तेव्हा पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं, की आता काही गळत नाही!

*

तारखेला दोघं एकाच जीपनं यायचे, कारण गावातून वेळेवर निघणारी ती एकच. खिडकीची जागा आलटून पालटून. एकदा अण्णा तापानं आले नाहीत, तर गुरुजीही गैरहजर. साहेब जाम भडकले. गुरुजी दुसऱ्या दिवशी शांतपणे म्हणाले, “अण्णाच न्हाई, तर भांडू कोणासंगं?”

*

मग आतली पाहणी करायला कोर्टानं एका वकिलाला कमिशनर नेमलं. तो उन्हातान्हाचा गावात पोचला. गुरुजींनी आपलं कुलूप काढलं. अण्णांनी खिशातून किल्ली काढली, बरीच खटपट केली. किल्ली निघाली त्यांच्या हळदीच्या गोदामाची, पिवळीधमक! बिचाऱ्या कमिशनरनं बाहेरूनच अहवाल लिहिला, ‘दार मजबूत आहे.’

*

प्रत्येक तारखेला तांड्यावरच्या धुरपताबाई यायच्या. सोबत पाचवीला जाणारी पोरगी मंदा, हातात प्रवेशाचा फॉर्म. बाई ना वादी, ना प्रतिवादी. मला एवढंच विचारायच्या, “उघडलं का, भाऊ?”

मी म्हणायचो, पुढच्या तारखेला. सांगताना लाज वाटायची, अजून वाटते. मंदा शेवटी मामाकडे राहून शिकली. फॉर्मच्या घड्या विरल्या, तरी बाई तांड्यावरच्या दुसऱ्या पोरींसाठी येतच राहिल्या.

*

तीच मंदा वकील झाली आणि आमच्याच ऑफिसात लागली. मागच्या महिन्यात साहेब दुसऱ्या कोर्टात अडकले. त्यांनी तिला फोनवर सांगितलं, ट्रस्टच्या केसमध्ये तारीख घेऊन टाक. पुकारा झाला, मंदा उभी राहिली. मागच्या बाकावर धुरपताबाई.

“साहेब, केस चालू राहू द्या, पण वसतिगृह उघडू द्या,” मंदा न्यायाधीशांना म्हणाली. “दोन्ही किल्ल्या इथंच आहेत, दोघांच्या खिशात.”

मी डोक्याला हात लावला. तारीख मागायची सोडून हे काय! न्यायाधीशांनी दोघांना विचारलं, हरकत आहे का? गुरुजी उठले आणि त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली.

अण्णा बराच वेळ मंदाकडे पाहत राहिले. मग हळूच मला म्हणाले, “हेच ते फॉर्मवालं लेकरू व्हय?”

मी मान हलवली. अण्णांनी उपरण्यानं डोळे पुसले, पुढे गेले, खिशात हात घातला आणि गुरुजींच्या किल्लीशेजारी आपली किल्ली ठेवली.

पिवळीधमक!