मोटर कण्हली तरी

२००९ साल. मला बासष्टावं लागलं होतं. बायको माघात गेली, पोरगा पुण्याला नोकरीला, आणि मी हिंगोलीकडच्या गोरेगावात माझ्या वायंडिंगच्या दुकानात. पाण्यातल्या मोटरी जळायच्या, शेतकरी त्या जीपच्या टपावर टाकून आणायचे, मी जळकी तार उपसून नवी भरून द्यायचो. शाळा चौथीपर्यंत. पण माझ्या हातची भरलेली मोटर वर्षाच्या आत परत आली, असं सेनगाव तालुक्यात कोणी सांगून दाखवावं. तेव्हाही मी असंच म्हणायचो, आताही म्हणतो.

त्याच्या दोन दिवाळ्या आधीची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. पोरगा औरंगाबादला इंजिनिअरिंग शिकत होता तेव्हा तिथल्या पोरांबरोबर रिमोटची विमानं बनवायला लागला. नोकरी लागल्यावर पहिल्या दिवाळीला एक विमान घरी घेऊन आला. थर्माकोलसारखंच, पण वाकवलं तर न मोडणारं. पंखाची लांबी माझ्या छातीपर्यंत येईल एवढी. गावामागच्या माळावर त्यानं ते उडवलं. अर्धं गाव जमलं. आधी साध्या फेऱ्या मारल्या, मग उलटं करून नेलं, लोकांनी शिट्ट्या मारल्या. आणि मग त्यानं ते एकदम संथ केलं. नाक वर, शेपूट खाली, आणि ते तसंच उभ्या अंगानं माणसाच्या चालीनं आमच्यासमोरून गेलं. इतकं हळू, की एखाद्याला वाटावं धावत जाऊन हातात धरावं. शिट्ट्या बंद झाल्या. त्याची आई तोंडाला पदर लावून उभी होती. पोरानं माझ्याकडं पाहिलं.

मी म्हणालो, "ह्यानं विहिरीतून तांब्याभर पानी तरी निघतं का?"

लोक हसले. पोरगाही हसला. त्यानं विमान उतरवलं, पंख सोडवले, सगळं खोक्यात भरलं आणि खोकं कपाटावर ठेवून दिलं. पुण्याला जाताना नेलं नाही. पुढच्या खेपेला आला तेव्हाही नेलं नाही.

त्यानं दुकानात बसावं असं माझ्या मनात होतं. चौदाव्या वर्षी तो तीन हॉर्सपॉवरची मोटर एकटा भरायचा. ते मनातलं कधी बोललो नाही, आणि हे तेवढं बोललो.

बायको होती तोवर फोन तिचा असायचा. अर्धा अर्धा तास बोलायची आणि शेवटी माझ्या कानाला लावायची. ती गेल्यावर रविवारचा फोन सरळ माझ्याकडं यायला लागला.

"बाबा, जेवलात का?"

"जेवलो."

"लाईट आहे का?"

"सकाळपासून न्हाई."

त्याच्याकडच्या रस्त्यावरचे हॉर्न ऐकू यायचे. मग तो म्हणायचा, "ठेवू का?" आणि मी म्हणायचो, "ठेव."

चैत्रात एका दुपारी मी खोकं खाली काढलं. ठरवलं, दिवाळीला पोरगा येईल तेव्हा त्याच माळावर, त्याच्यासमोर, त्याचंच विमान नाक वर धरून चालवून दाखवायचं. तांब्याभर पाण्याचं जे बोललो ते परत घ्यायचं, पण तोंडानं नाही. आणि शिकायचं ते त्याला न विचारता. विचारलं असतं तर त्यानं फोनवर पाच मिनिटांत सांगितलं असतं, हे मला ठाऊक होतं. पण मग खोकं काढलं हेही सांगावं लागलं असतं.

आधी मोटर खोलून पाहिली. लिंबाएवढी. आत तीच तांब्याची तार, तेच वेटोळे, फक्त इथं आतला गाभा फिरत नाही, बाहेरचं टोपण फिरतं. बरं वाटलं. घरात त्या दिवशी ओळखीचं कोणीतरी आल्यासारखं.

साधं उडवायला पावसाळा उजाडला. किती वेळा पडलं ते मोजलं नाही. डिंक लावायचा, तुटलेल्या जागी खराट्याची काडी आत घालायची, वरून पट्टी चिकटवायची. लाईट असेल त्या वेळात बॅटरी चार्ज करायची आणि वारा सुटायच्या आत सकाळी माळावर जायचं. पाऊस झाल्यावर गवत गुडघ्यापर्यंत आलं, तेव्हापासून पडलं तरी कमी मोडायचं. येताना स्टँडवरच्या हॉटेलात चहा घ्यायचो. हॉटेलवाला माझ्याहून लहान, पण तोंडाचा फाटका.

"काय काका, आज किती येळा लेकरू पडलं?"

"तुझ्या भज्यापेक्षा कमी तेल पितं ते. चहा दे."

"पोराला विचारा की. पोरानंच केलंय न ते?"

"तुला चहा कसा करायचा ते मी विचारतो का?"

लोक हसायचे. मी पण हसून चहा प्यायचो आणि दुकान उघडायचो. दिवसभरात तेवढंच बोलणं व्हायचं, आणि गिऱ्हाईक आलं तर त्याच्याशी.

श्रावणात नाक वर धरायला घेतलं. रिमोटला दोन काड्या असतात. साध्या उडण्यात विमान वर न्यायचं तर उजवी काडी ओढून नाक उचलायचं. पण नाक वर धरून संथ चालवायचं म्हटलं की सगळं उलटं होतं. तेव्हा पंख विमानाला उचलून धरत नाहीत. सगळं वजन पुढच्या पंख्यावर येतं. उंची मग डाव्या काडीत असते, म्हणजे मोटरच्या जोरात. खाली बसायला लागलं की जोर द्यायचा, वर निघालं की थोडा काढायचा. हे मी आठ दिवसांत समजून घेतलं. डोक्याला कळलं, पण होईना.

नाक उचलायचो, वेग मरायचा, विमान उभं राहायला लागायचं, आणि लगेच शेपटावर खाली यायचं. रोज तसंच. वाऱ्याला दोष दिला. बॅटरीला दिला. पोरानंच काही वाकडं बसवलंय असंही एकदा मनात आणलं, आणि घरी येऊन सगळं मोजून पाहिलं, तर सूतभर वाकडं नव्हतं.

भादव्यात एक शेतकरी त्याची भरलेली मोटर न्यायला आला. मी ती हौदात सोडून स्टार्टर दाबला आणि दुसऱ्या क्षणाला पाडला.

तो म्हणाला, "चालू करतानाच काहून बंद केली काका?"

"कण्हली."

"मला तं काईच ऐकू आलं न्हाई."

"तुला कसं यील? तिला जोर पडून राहिला."

"पहिल्या झटक्याला जोर पडनारच की. तुमीच सांगता."

खरं होतं. मी परत स्टार्टर दाबला, मोटर बराबर चालली. तो गेल्यावर मी माझ्या हाताकडं पाहत बसलो. तीस वर्षं मी लोकांना एकच सांगत आलो होतो. व्होल्टेज पडलं, मोटर कण्हली, की दुसरं काही पाहू नका, आधी बंद करा. तार वाचवा. ते सांगता सांगता माझा हात असा झाला होता की कानानं ऐकलं की मला न विचारता तो बंद करायचा.

दुसऱ्या दिवशी माळावर अंगठ्याकडं लक्ष ठेवलं. विमान उभं राहिलं, पंख्यावर वजन आलं, मोटर घोगऱ्या आवाजात कण्हली, आणि माझा डावा अंगठा सरळ खाली. जिथं जोर द्यायचा तिथंच मी महिनाभर जोर काढत होतो. पडलं तिथं पळत गेलो आणि तळहाताची मागची बाजू मोटरला लावली. कोमट. चहा पिऊन ठेवलेल्या कपाएवढी. एवढ्यानं तिला काही होणार नव्हतं. जळायची भीती तिला नव्हती, मला होती.

पण हे कळूनही अंगठा ऐकेना. तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी मी उशीच्या कापसाचे दोन बोळे केले आणि माळावर जाऊन कानात गच्च बसवले.

आवाज गेला. पाखरांचा गेला, रस्त्यावरच्या जीपांचा गेला, मोटरचा पण गेला. मी आणि ते विमान. नाक उचललं. ते बसायला लागलं. मी जोर दिला. अंगठ्याला काही ऐकू आलं नाही, म्हणून तो गुमान वर गेला. विमान थांबलं, डुललं, एक पंख इकडं, एक तिकडं, दारू पिलेल्या माणसासारखं, आणि पाच-सहा पावलं उभ्यानं चाललं. मग कलंडलं. मी गवतात बसून घेतलं. कानात कापूस असला की स्वतःचा श्वास फार मोठा ऐकू येतो.

नवरात्र उलटेपर्यंत सरळ रेषेत जमायला लागलं. जाताना जमायचं, वळवताना कलंडायचं. नाक वर असताना वळवायला पंखाची पाती लावायची नाहीत, शेपटाचं उभं पातं लावायचं, आणि वळताना थोडा जोर वाढवायचा. हे पण मीच शोधून काढलं. दिवाळीला बारा दिवस राहिले होते. अजून पूर्ण फेरी झाली नव्हती, पण होणार हे मला दिसत होतं.

रविवारी फोन आला. रोजचं बोलणं झालं. मग तो म्हणाला, "बाबा, दिवाळीला जमत नाहीये. सुट्टी मिळेना."

"बरं."

"तुम्हीच या ना इकडं. चार दिवस."

"दुकान हाय."

"दिवाळीत कोण मोटर आणतंय बाबा?"

"आनतेत लोक."

"आई असती तर ती आली असती."

मी फोन दुसऱ्या कानाला घेतला. तो म्हणाला, "ठेवू का?" मी म्हणालो, "ठेव."

पोरगा नोकरीला लागून दोन वर्षं होऊन गेली होती आणि मी एकदाही त्याची खोली पाहिली नव्हती. आधी त्यानं येऊन न्यावं, मग जाऊ, असं मी धरून बसलो होतो. बायको दोनदा जाऊन आली, एकटी.

त्या दिवशी कधी नाही ते संध्याकाळी माळावर गेलो. वारा पडला होता. गवत पिवळं पडलं होतं आणि खालच्या रानातलं सोयाबीन निघून ढेकळं उघडी झाली होती. बोळे घातले. विमान सोडलं, एक साधी फेरी मारली, आणि नाक वर धरलं. ते उभं राहिलं. डुललं नाही. मी त्याला तसंच चालवत बांधापर्यंत नेलं, शेपटाचं पातं दाबलं, जोर दिला, आणि ते वळलं. उभ्या अंगानं, हळू, एखादा माणूस कोणी हाक मारल्यावर वळून पाहतो तसं. वळून माझ्याकडं यायला लागलं. माझ्या डोक्याएवढ्या उंचीवर, माझ्या चालीनं. समोरून गेलं, परत वळलं, परत आलं. फेरी पुरी झाली. मी ते गवतात अलगद बसवलं. एक काडी मोडली नाही.

आणि माझ्या तोंडातून निघालं, "पाह्यलं का?"

मोठ्यानं निघालं असणार. बांधावर एक बाई गवत कापत होती, तिनं मान वर केली. तिचे ओठ हलताना दिसले. मी कानातला बोळा काढला.

"काय म्हनलं?" ती विचारत होती.

"न्हाई. तुमाला न्हाई."

"मंग कोनाला?" तिनं माझ्या मागं पाहिलं. मागं माळ होता.

मी विमानाकडं चालू लागलो. ती परत कापायला लागली. तिनं विमान पाहिलं असेल, नसेल. विचारायला हवं होतं, पण तिच्या पाहण्यानं काय झालं असतं? मी ते उचललं आणि अंधार पडायच्या आत घरी आलो. पंख पुसले. खोकं उघडलं, आणि त्यात ठेवायला हात होईना. खोक्यात ठेवलं की ते परत कपाटावर जाणार. तिथं जाऊन बसलेलं मी दीड वर्ष पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पंख सोडवले, पंख आणि धड चादरीत गुंडाळून खताच्या धुतलेल्या गोणीत घातले. रिमोट, बॅटऱ्या आणि धोतरजोडी पिशवीत. दुकानाच्या पाटीवर खडूनं 'बंद' एवढं लिहिलं आणि स्टँडवर आलो. हिंगोलीची पहिली जीप लागली होती, आत दोनच माणसं.

ड्रायव्हर म्हणाला, "आना काका, टपावर टाकतो ते."

"न्हाई. मांडीवर धरतो."

"कुठं निघाले येवढं घेऊन?"

"पुन्याला."

"पोराकडं? मंग त्यो येनार न्हाई का दिवाळीला?"

"न्हाई. मी चाललो."

"भरल्याबिगर गाडी न्हाई सुटायची बरं का. तास लागंल, दीड लागंल."

"लागू दे," मी म्हणालो, आणि गोणी आडवी मांडीवर घेऊन बसलो.