चावीबाई आणि शेवटचं प्रकरण

बेटावर दोन प्रकारची माणसं राहत. टेकडीवरचे उन्हाळ्यापुरते यायचे, म्हणून बेट त्यांचं होतं. धक्क्यावरचे बारा महिने तिथेच असायचे, म्हणून नव्हतं.

चावीबाई धक्क्यावरची, पण राहायची टेकडीवर, लेखिकाबाईंच्या बंगल्यामागच्या खोलीत. नवरा गेल्यापासून सगळ्या बंगल्यांच्या चाव्या तिच्या कमरेला. मालक शहरात परतले की खिडक्या उघडायच्या, वाळवी बघायची, गाद्यांना ऊन दाखवायचं; आणि उन्हाळ्यात ‘ए चावी’ अशी हाक आली की लंगडत धावायचं. एवढ्या वर्षांत तिने कुणाच्या डब्यातली साखरेची चिमूटही तोंडात टाकली नव्हती. टेकडीवर या प्रामाणिकपणाची कदर होती, म्हणजे त्याबद्दल कुणी कधी चकार शब्द काढला नव्हता.

मग लेखिकाबाईंना लिहायला खोली हवी झाली. बंगल्यात खोल्या भरपूर, पण एकीतही त्यांची प्रतिभा टिकेना. मागच्या खोलीत समुद्राची हवा छान यायची. बंगलेवाल्यांच्या समितीने ठरवलं, हंगाम संपताना चावीबाईने खोली रिकामी करावी. तिने जायचं कुठे, हा विषय समितीच्या कक्षेत येत नव्हता. धक्क्यावर दिराच्या घरात दीर, जाऊ, पोरं आणि लाँचचं एक जुनं इंजिन. तिला जागा करायची तर इंजिन बाहेर काढावं लागणार, आणि दिराचा सगळा जीव इंजिनात.

तेवढ्यात लेखिकाबाईंची थरारक कादंबरी आली. छोटं बेट, श्रीमंत-गरिबांत धुमसणारी तेढ, बंगल्यांतून एकामागून एक खून, आणि संशय चाव्या सांभाळणाऱ्या लंगड्या बाईवर. सगळी पात्रं काल्पनिक आहेत, असं सुरुवातीलाच छापलं होतं. पायाबद्दल काही छापलं नव्हतं. लेखिकाबाईंनी घरोघरी सहीनिशी प्रत वाटली.

आठवडाभरात टेकडीची हवा पालटली.

“अहो चावीबाई,” निवृत्त न्यायाधीश म्हणाले, “सवड झाली तर आमची खिडकी बघाल का?”

चावीबाईने मागे वळून पाहिलं, कुणाला म्हणतायत ते. मागे कुणीच नव्हतं.

कुलपं बदलायची कुजबुज झाली, पण बेटावरचा एकुलता एक कुलूपवाला म्हणजे तिचाच दीर. खोलीचा विषय निघाला तेव्हा समिती खाली मान घालून म्हणाली, “आत्ताच कशाला दुखवायचं? पुढच्या उन्हाळ्यात बघू.” आणि बोटीत बसताना प्रत्येकाने लेखिकाबाईंना सांगितलं, “शेवट तर अप्रतिम.”

बंगले रिकामे झाल्यावर चावीबाईला प्रत्येक उशाशी ते अप्रतिम पुस्तक सापडलं. खूण सगळीकडे मधेच कुठेतरी घातलेली: कुठे कंगवा, कुठे औषधाचं पाकीट. तिने मात्र ते शेवटपर्यंत वाचलं. खून कादंबरीतल्या डॉक्टरीणबाईंनी केले होते. चाव्यावालीबद्दल फौजदार शेवटच्या प्रकरणात म्हणत होता, “तिचा मला क्षणभरही संशय आला नाही. खून करायला अंगात धमक लागते. ती बिचारी!”

ते ‘बिचारी’ तिने दोनदा वाचलं.

“मग सुटलीस की गं,” कांदा चिरता चिरता जाऊ म्हणाली.

“सुटले कसली, बुडाले. त्यांनी हे वाचलं की मी पुन्हा ‘ए चावी’. आणि खोली गेली.”

“मग नको देऊस वाचायला.”

जाऊ थट्टेने म्हणाली होती. चावीबाईने नवऱ्याच्या दाढीचं जुनं पातं शोधून काढलं. आजवर जे तिने कधी केलं नव्हतं आणि कादंबरीत जे ती सतत करत होती, ते तिने केलं: स्वतःच्या कामासाठी परक्या घराचं दार उघडलं. मग दुसऱ्याचं. न्यायाधीशांच्या घरी हात जरा अडखळला, कारण पहिलं ‘अहो’ त्यांचं. म्हणून तिथे पातं अगदी मुळाशी, हळुवार फिरवलं. शेवटच्या प्रकरणांवर तिचं आंघोळीचं पाणी छान तापलं. आता पुस्तक संपत होतं ते फौजदार चाव्यावालीच्या दारावर टकटक करतो तिथे.

पुढच्या उन्हाळ्यात सगळे लेखिकाबाईंच्या व्हरांड्यात चहाला जमले. या खेपेला त्यांनी पुस्तक खरंच संपवलं होतं. कप चावीबाईच भरत होती.

“काय शेवट केलात!” न्यायाधीश म्हणाले. “ती टकटक! अंगावर काटा आला.”

“टकटक?” लेखिकाबाई गोंधळल्या. “पण त्याच्यापुढे…”

“पुढचं वाचकावर सोडलंत. हीच तर तुमची उंची.”

लेखिकाबाईंनी क्षणभर विचार केला. उंची अनायासे मिळत होती.

“मुद्दामच सोडलं,” त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, “बरं, ते खोलीचं?”

सगळ्यांनी चावीबाईच्या हातातल्या किटलीकडे पाहिलं.

“एवढं लिहून ठेवलंत,” न्यायाधीश पुटपुटले, “आणि वर तुम्हीच विचारता?”

पाहुणे गेल्यावर लेखिकाबाईंनी स्वतःची प्रत उघडली. तिथेही टकटक झाली आणि पुठ्ठा आला. त्या पुस्तक घेऊन मागच्या दाराशी आल्या. मागच्या अंगणात चावीबाई गाद्या बदडत होती.

“ए चा…” त्यांनी हाक मारली, आणि घसा साफ केला. “अहो चावीबाई.”

“बोला.”

लेखिकाबाईंनी पुस्तकाकडे पाहिलं, तिच्या हातातल्या काठीकडे पाहिलं. बोभाटा करावा, तर मिळालेली उंची जाणार.

“त्या खोलीचं म्हणत होते. समुद्राची हवा जरा जास्तच येते हो तिथे. कागद उडतील माझे.”

“उडतात खरे,” चावीबाई म्हणाली, आणि तिने गादी उलटी केली.