साहेबांच्या कपाटातले पासपोर्ट

आमचे हे, मोरेश्वर, महाराष्ट्र पोलिसांत डीआयजी होते. मुदतीआधी खुर्ची सोडली आणि परदेशात अडलेल्या बायकांना सोडवणाऱ्या इथल्या एका संस्थेचे प्रमुख झाले. त्यामुळे आम्ही इकडे नेदरलँड्समध्ये, हार्लेमला. ह्यांचं भाषण ठरलेलं: "जिचा पासपोर्ट दुसऱ्याच्या ताब्यात, ती कैदी!" टाळ्या. पहिल्या रांगेत मीही टाळ्या वाजवते, इस्त्रीची साडी नेसून. संस्थेचा मराठी मदतीचा फोनसुद्धा मीच घेते.

आता खरं सांगते. आमच्या घरातले चारही पासपोर्ट ह्यांच्या कपाटात असतात. महत्त्वाचं ते एका जागी, ही पोलिसातली सवय. किल्ली देवघरात गणपतीमागे, सगळ्यांना ठाऊक. पण हात लावायची कुणाची छाती नाही.

सून संहिता हुशार पोर. ग्रोनिंगनच्या विद्यापीठात संशोधनाची नोकरी मिळाली, सोमवारी पासपोर्ट घेऊन हजर व्हायचं होतं. आमचा प्रतीक म्हणाला, "बाबांना विचार." बाबा म्हणाले, "प्रतीकला विचार." आठवडाभर बापलेकांनी पोरीचा नुसता चेंडू केला. आणि मी? मी पोळ्या लाटत होते.

शुक्रवारी दुपारी संस्थेचा फोन वाजला. मी ठरलेले प्रश्न सुरू केले.

"पासपोर्ट कुणाकडे आहे?"

"सासऱ्यांकडे."

"घरात कुणाला सांगितलंत?"

"सासूबाईंना. दोनदा."

आवाज मी ओळखला. "संहिता? अगं, घरी बोल ना माझ्याशी!"

"घरी तुम्ही ऐकत नाही, आई. या नंबरवर ऐकता."

संध्याकाळी ह्यांच्यापुढे फोनची नोंदवही ठेवली. नाव लिहिलं नव्हतं. हे कडाडले, "असल्या सासऱ्याला आत टाकला पाहिजे! सोमवारच्या आत पासपोर्ट तिच्या हातात!"

मग मी नाव सांगितलं. ह्यांनी शांतपणे पानावर आडवी रेघ मारली. "हा घरगुती मामला आहे. चहा टाक."

आणि मी टाकला. जळली मेली ती सवय!

शनिवारी हे भाषणाला गेले, प्रतीक जिमला. मी गणपतीमागची किल्ली काढली, संहिताचा पासपोर्ट तिच्या हातात ठेवला आणि तिला स्टेशनवर सोडून आले. पोरगी गळ्यात पडून रडली.

घरी आले तर कपाट माझ्याकडून उघडंच राहिलं होतं. माझा पासपोर्ट समोर. फोटो पाहिला, परत ठेवला, कपाट लावून किल्ली जागेवर ठेवली. लग्नाच्या बत्तीस वर्षांत मला कुठे जायचंय, हे कुणी विचारलं नाही. आज मीच स्वतःला विचारलं, तर एका गावाचं नाव आठवेना.